व्हॉट्सॲपवरची सहायिका बायकांना कॅन्सरच्या तपासणीपर्यंत नेईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. धाराशिव जिल्ह्यात तुमचा बचतगटांचा महासंघ आहे. एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी व्हॉट्सॲपवर मराठीत बोलणारी ‘आरोग्य सहायिका’ फुकट बनवून द्यायला तयार आहे. तिने बायकांना कॅन्सरच्या तपासणीला जा म्हणून सांगायचं, आहाराबद्दल सल्ला द्यायचा आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. तुमची शंका अशी की बायका खरंच तपासणीला जातील, की चार दिवस कौतुक करून नंतर म्यूट करतील?

मी जनआरोग्याची डॉक्टर आहे. मराठवाड्यात गावपातळीवरच्या तपासणीचं काम करत आलेय आणि फोनवरून आठवण देण्याच्या एकदोन योजना जवळून पाहिल्या आहेत. त्यावरून सांगते: तुमच्यापुढचा खरा प्रश्न सहायिका किती हुशार आहे हा नाहीच. बाई ‘हो, येते’ म्हणाली, तर त्या दिवशी, त्या ठिकाणी, तपासायला कोण बसलेलं असेल? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर साधी, चार बटणांची सहायिकाही काम करेल. नसेल तर कितीही गोड बोलणारी बनवा, बाई एकदा उपकेंद्रावर हेलपाटा घालून परत जाईल आणि गल्लीतल्या दहा जणींना सांगेल.

हे म्हणायला तुमच्याच जिल्ह्याचा आधार आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणारी) झाली, तिथे पुढच्या आठेक वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू अशी तपासणी न केलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे राहिले. २००९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या तपासणी धोरणांत आजही त्यांचा दाखला देतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तपासणीच्या गटांतल्या पाचपैकी जवळपास चार बायका तपासणीला आल्या. स्मार्टफोन नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या बायका घरोघरी गेल्या, समजावून सांगितलं, तारीख दिली आणि तपासणी गावाच्या आवाक्यात ठेवली. याच्या उलट, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरच्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या दोन टक्केसुद्धा नव्हत्या. स्तनांच्या आणि तोंडाच्या तपासणीचं प्रमाण तर एक टक्क्याच्या आत. एवढा फरक माहिती पोचली की नाही यावरून पडत नाही. व्यवस्था उभी होती की नव्हती, यावरून पडतो.

म्हणून कंपनीशी बोलण्याआधी आरोग्य खात्याशी बोला. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या माणसांची तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड या तीन कॅन्सरसाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. ३० पुढच्या प्रत्येकाचा जोखमीचा फॉर्म आशाताई भरतात, ज्याला सगळे सीबॅक म्हणतात. कागदावर हे सगळं आहे. तुमच्या तालुक्यात कुठल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून बघायची व्हीआयए तपासणी कोणाला येते, पडदा आणि दिवा आहे का, बाई सिस्टर कोणत्या वारी असते, हे मात्र प्रत्यक्ष जाऊनच बघावं लागेल. दोन केंद्रांत नीट चालतं आणि आठांत नाही, असं निघालं तर सहायिका त्या दोन केंद्रांच्या गावांपुरतीच सुरू करा. पूर्ण जिल्ह्यात एकदम सुरू करायचा मोह होतो, कारण उद्घाटनाला बरं दिसतं.

आता सहायिकेने बोलायचं काय? पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच गाडी रुळावर येते किंवा घसरते. वय विचारा. मग विचारा, ‘पिशवी काढली आहे का?’ तुमच्याकडे आणि शेजारच्या बीडमध्ये हा प्रश्न टाळून चालणार नाही. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामुळे दोन गोष्टी होतात. जिची पिशवी तोंडासकट काढली आहे तिला साधारणपणे या तपासणीची गरज नसते (ऑपरेशनचा कागद सिस्टरला दाखवायला सांगा, कारण काही वेळा तोंड ठेवलेलं असतं), पण स्तनांची आणि मुखाची (आपल्या खायच्या तोंडाची) तपासणी तिलाही हवीच. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. ‘तपासायला गेलं की पिशवी काढायला लावतात’ ही भीती या भागात अफवा म्हणून झटकून टाकता येत नाही, बायकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. सहायिकेने या भीतीचा विषय स्वतःहून काढावा आणि सरळ उत्तर द्यावं: ही तपासणी काही मिनिटांची आहे, भूल लागत नाही, डाग दिसला तरी बहुतेक वेळा तेवढ्याच भागावर उपचार होतो, आणि कोणी लगेच पिशवी काढा म्हणालं तर आम्हाला फोन करा. त्या फोनला उत्तर देणारं माणूस खरोखर असलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

पाळी थांबली आहे का, हेही विचारा. पाळी गेल्यावर पिशवीच्या तोंडाचा जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर व्हीआयएवर फार विसंबता येत नाही. अशा बायकांना जिथे एचपीव्ही किंवा पॅप (तिथल्या पेशी घेऊन बघायची) चाचणी होते तिथे पाठवलेलं बरं. पाळी चालू असलेल्यांना रक्तस्राव नसलेल्या दिवसाची तारीख द्या. हे बारकावे मशीनला चांगले जमतात, कारण ते विसरत नाही आणि लाजतही नाही.

तंबाखूबद्दल विचारताना ‘तंबाखू खाता का’ एवढं विचारून थांबू नका. दिवसातून तीनदा मशेरी लावणारी बाई या प्रश्नाला निर्मळ मनाने ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या दृष्टीने ते दात घासणं आहे. मशेरी, गुल, पान, सुपारी, मावा अशी नावं घेऊन विचारा. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. सोडायची तयारी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत क्विटलाइन आहे, तो नंबर तिथेच द्या.

यानंतरची गोष्ट मी प्रत्येक कंपनीला सांगते आणि प्रत्येक वेळी त्यांना ती नवीन वाटते. तपासणी ही ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी असते. स्तनात गाठ लागतेय, संबंधानंतर रक्त जातंय, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जातंय, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पुरतं उघडत नाही, असं काही असेल तर त्या बाईला पुढच्या महिन्याच्या शिबिराची तारीख देणं म्हणजे तिचा महिना वाया घालवणं. तिला तपासणीच्या रांगेतून बाहेर काढून थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचं असतं, आणि त्याच दिवशी माणसाने फोन करायचा असतो. यासाठी सहायिकेच्या प्रत्येक पडद्यावर एक बटण कायम ठेवा: ‘मला त्रास होतोय’.

त्याच्या बरोबरीचं दुसरं बटण हवं, ‘माझी तपासणी वेगळी आली’. उस्मानाबादच्या अभ्यासात व्हीआयए केलेल्यांपैकी साधारण १४ टक्के बायकांची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. पण शंभर बायका पाठवल्यात तर दहा-बारा तरी घाबरून घरी जातील हे धरून चाला. त्या रात्री त्यांना कोणी काही सांगितलं नाही, तर पुढच्या तपासणीला त्या येत नाहीत. एखादी आधी देवऋषीकडे जाते, एखादी नवऱ्याला सांगायचंच टाळते. माझ्या अनुभवात सगळी साखळी तुटते ती इथे. सहायिकेची निम्मी मेहनत या दहा-बारा जणींवर खर्च होऊ द्या.

आता म्यूटचं. एकटं मशीन ऐकणाऱ्याला फार काळ धरून ठेवत नाही, हे आपल्याकडेच दिसलंय. ‘अरमान’ ही मुंबईची संस्था ‘एममित्र’ नावाने गरोदर बायकांना आणि नव्या आयांना, त्यांनी निवडलेल्या वेळेला रेकॉर्ड केलेले आवाजी कॉल करते. हळूहळू काही बायका ऐकणं सोडतात. त्यांनी गूगलच्या संशोधकांबरोबर एक पद्धत बसवली. कोण गळायच्या बेतात आहे याचा अंदाज कृत्रिम बुद्धिमत्ता बांधते, आणि मग त्या बाईला कार्यकर्ती स्वतः फोन करते. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. माणसं थोडी आहेत, म्हणून ती कुठे वापरायची ते यंत्राने सांगावं. तुमच्याकडेही असंच करा. दोन संदेश न ऐकलेल्या बाईला तिसरा संदेश पाठवू नका, तिचं नाव सीआरपी ताईच्या, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या तुमच्या कार्यकर्तीच्या यादीत जाऊ द्या.

वेळेचंही भान हवं. दिवाळीच्या आसपास तुमची निम्मी गावं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर बसलेल्या बाईला ‘उद्या तुमच्या उपकेंद्रात तपासणी’ असा निरोप जाणं म्हणजे तिची थट्टाच आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र बायका तालुक्याला येतातच, तेव्हा ग्रामीण रुग्णालयाची तारीख बाजाराच्या वाराला बांधता आली तर बघा. तारीख घेताना सहायिकेने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: कोणाबरोबर जाणार, आणि कशाने जाणार? ‘बघते’ म्हणणारी बाई क्वचित जाते. ‘मी नि माझी जाऊबाई, मंगळवारी, दहाच्या एसटीने’ म्हणणारी बहुतेक वेळा जाते. गटातल्या चार-पाच जणींना एकच तारीख दिली तर आणखी चांगलं. हे बळ तुमच्याकडे आहे, कंपनीकडे नाही.

फोन कोणाच्या हातात असतो हे विसरू नका. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका देशात ५४ टक्के होत्या. म्हणजे निरोप मुलगा वाचणार, नवरा वाचणार. पहिल्याच संदेशात ‘कॅन्सर’ किंवा ‘पिशवी’ नको. ‘बचतगटाची आरोग्य तपासणी’ पुरे, पुढचं तिने आपणहून बटण दाबल्यावर. लिखाणापेक्षा आवाजी संदेश बरे, मिनिटाच्या आतले, आणि तुमच्याच भागातल्या बाईच्या आवाजात. रिपोर्ट कधीही चॅटमध्ये टाकू नका, ‘सिस्टरला भेटा’ एवढंच.

शिवाय तुमच्या बाबतीत एक खास धोका आहे, जो दवाखान्याला नसतो. तुम्ही कर्ज देता. एखादीला कॅन्सरचा संशय आहे हे गटाच्या अध्यक्ष-सचिवांना कळलं, तर पुढच्या कर्जाच्या वेळी त्याची कुजबूज होणारच. आरोग्याची माहिती आणि कर्जाची वही यांच्यामध्ये भिंत हवी: वेगळी माणसं, वेगळे पासवर्ड, कंपनीबरोबर लेखी करार. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती घ्यायला सांगतो, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता आहार. इथे तुमची कंपनी सगळ्यात उत्साहात असेल, आणि माझा हात इथेच आखडता आहे.

तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची, जेवण रोजचं. त्यामुळे आहाराच्या निमित्ताने सहायिकेला दर आठवड्याला बोलता येतं, ओळख टिकते, आणि तपासणीची तारीख आली की बाई अनोळखी नंबर म्हणून सोडून देत नाही. एवढा उपयोग मला मान्य आहे. पण ‘हे खा, कॅन्सर टळेल’ असं एकही वाक्य त्यात नको. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो कुठल्याही भाजीने टळत नाही. वाढलेल्या वजनाचा संबंध पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या, गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि आतड्याच्या कॅन्सरशी आहे. दारूचाही अनेक कॅन्सरशी आहे. एवढं खरं सांगा. नाहीतर ‘मी तर सकाळी हळदीचं पाणी पिते, मला कशाला तपासणी’ हे उत्तर तुम्हीच तिच्या तोंडात घालाल.

दुसरं, तुमच्या सगळ्या बायका जाड नाहीत. एकाच गटात चाळीस किलोची मजूर बाई असते आणि ऐंशी किलोची दुकानदारीणही. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. ‘कमी खा, तेल सोडा’ हा निरोप दोघींना सारखाच गेला तर पहिलीचं नुकसान होईल. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेला २०२३ मध्ये आपली ‘टेसा’ नावाची चॅटबॉट बंद करावी लागली, कारण ती त्याच रुग्णांना वजन उतरवायचे सल्ले देऊ लागली होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये ‘सारा’ नावाची आरोग्य सहायिका आणली. ती हिंदीसह आठ भाषांत बोलायची, आणि उत्तरं नेहमीच अचूक असतील असं नाही, हे संघटनेने तेव्हा स्वतःच सांगितलं. त्यांची ही गत, तर तुमच्या फुकटच्या सहायिकेला मनाने उत्तरं रचायला देऊ नका. प्रश्न समजून घ्यायला कृत्रिम बुद्धिमत्ता खुशाल वापरा, उत्तर मात्र डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाने वाचून मंजूर केलेल्या साठ्यातलंच जाऊ द्या. साठ्यात नसेल तर ‘हे सिस्टरला विचारून सांगते’, आणि खरंच सांगा.

रक्तक्षयाचं एक उदाहरण देते, कारण दोन्ही विषय इथे एकमेकांना भिडतात. बाई लिहिते, ‘फार थकवा येतो, रक्त कमी आहे.’ आहाराची सहायिका लगेच म्हणणार: हिरव्या भाज्या, डाळी, जेवणाबरोबर लिंबू. ऐकायला ठीक. पण तिला महिन्यातून पंधरा दिवस रक्त जातंय हे कोणी विचारलंच नाही. सल्ला बरोबर असूनही आजार झाकला गेला. थकव्याच्या प्रत्येक तक्रारीनंतर पाळीचा प्रश्न आलाच पाहिजे, आणि तिथून थेट ‘मला त्रास होतोय’ कडे.

आहाराचे प्रश्नही असे ठेवा की बाईला उत्तर देता येईल. ‘तुम्ही किती कॅलरी घेता’ याला कोण काय उत्तर देणार? ‘महिन्याला तेल किती आणता आणि घरात माणसं किती’ याचं उत्तर तिच्या जिभेवर असतं. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर हा अंदाज धरला तर पुढचं बोलणं आपोआप होतं. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. ज्वारीची भाकरी, चटणी, पालेभाजी हे जेवण मुळात चांगलं आहे. ओट्सचं नावही काढू नका. बदलायचं ते मुलांच्या हातातलं पाच रुपयांचं पाकीट, चहातली साखर, आणि बाईने सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खाणं. हे तिसरं बाईला सांगून बदलत नाही. त्यासाठी घरातल्या पुरुषांसाठी वेगळा निरोप करा, आणि तो गटाच्या नावाने जाऊ द्या.

यश मोजायला कंपनी तुम्हाला ‘इतके संदेश पोचले, इतके वाचले’ असा रंगीत तक्ता दाखवेल. तो बघा आणि बाजूला ठेवा. माझ्या लेखी चारच आकडे धरायचे: किती जणींनी तारीख घेतली, किती जणी प्रत्यक्ष आल्या, किती जणींची तपासणी वेगळी आली, आणि त्यांच्यापैकी कितींचा उपचार पूर्ण झाला. आणखी एक करा. दोन सारख्या गावांत एकीकडे सहायिका आणि आशाताई, दुसरीकडे फक्त आशाताई ठेवून तीन-चार महिने बघा. फरक दिसला नाही, तर तो वेळ आणि पैसा एसटीच्या भाड्यावर खर्च करा, मला काही वाईट वाटणार नाही.

‘फुकट’ या शब्दाबद्दल शेवटचं. व्हॉट्सॲपवर बाईने स्वतः लिहिल्यानंतर चोवीस तास मोकळेपणी उत्तर देता येतं. त्यानंतर आपण होऊन निरोप पाठवायचा तर आधी मंजूर करून घेतलेलाच मजकूर चालतो, आणि त्याचे पैसे पडू शकतात. तारखेची आठवण ही नेमकी त्याच प्रकारातली. म्हणून सही करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या: दुसऱ्या वर्षी हे पैसे कोण भरणार, कंपनीने काम बंद केलं तर बायकांची माहिती कोणाकडे राहणार, आणि रात्री नऊ वाजता ‘मला त्रास होतोय’ हे बटण कोणी दाबलं तर तो फोन कोण उचलणार.